हॅवक : गेमचं फिजिक्स इंजिन आणि मायक्रोसॉफ्टने केलेली त्याची खरेदी

हॅवक म्हणजे गेममधल्या वस्तू पडणं, आपटणं, घरंगळणं, लोंबकळणं याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर. बनवणारी कंपनीही हॅवकच, आयर्लंडमधल्या डब्लिनची, १९९८ साली सुरू झालेली. २००७ मध्ये ती इंटेलने घेतली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये इंटेलकडून मायक्रोसॉफ्टने. दुसरी खरेदी जास्त गाजली, कारण मायक्रोसॉफ्ट स्वतः एक्सबॉक्स विकते आणि हॅवक तर सोनीच्या प्लेस्टेशनवर, निन्टेंडोच्या कन्सोलवर, पीसीवर सगळीकडे चालायचं, त्या वेळेपर्यंत ६०० च्या वर गेम्समध्ये ते वापरून झालं होतं. सोलापुरी भाषेत सांगायचं तर एका चादर कारखानदाराने गावातल्या निम्म्या मागांना सूत पुरवणारा व्यापारीच विकत घेतला आणि बाकीच्यांना म्हणाला की घाबरू नका, तुमचं सूत चालू राहील. चालू राहिलंही. पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा तो येतोच.

फिजिक्स इंजिन करतं काय

संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात तेव्हा बाराबंदी घातलेला एकटा माणूस ती उंचच्या उंच काठी कंबरेच्या आधारावर उभी तोलून चालत असतो, ते सोलापूरकराला सांगायला नको. आता हेच दृश्य गेममध्ये आणायचं म्हटलं तर कॉम्प्युटरला काठी, माणूस, श्रद्धा काहीच कळत नाही. त्याला सांगावं लागतं की या लांब वस्तूचं वजन इतकं, ते एकवटलंय इथं, टेकू खाली आहे, गुरुत्वाकर्षण इतकं. मग इंजिन सेकंदाचे साधारण ६० तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्यात सगळ्या वस्तूंचा वेग किती, त्या कुठवर सरकल्या, कुणाला धडकल्या याचा हिशोब परत मांडतं. आणि एक गंमत, इंजिनवर सोडलं तर काठी आडवीच होणार, ते फक्त पडणं बरोबर दाखवतं. तोल सांभाळणारा माणूस वेगळा प्रोग्राम करावा लागतो आणि ते काम पडण्यापेक्षा कैक पटीने अवघड.

धडकेचा हिशोब दोन टप्प्यात होतो. आधी ढोबळ चाळणी, म्हणजे सात रस्ता चौकात उभी असलेली रिक्षा अक्कलकोट रोडवरच्या ट्रकला धडकूच शकत नाही, मग ती जोडी तपासायचीच कशाला, सोडून द्या. जवळ असलेल्या जोड्या तेवढ्या उरतात, त्यांचे कोपरे, कडा, पृष्ठभाग नीट तपासायचे. त्यानंतर खरी डोकेदुखी, एकावर एक ठेवलेल्या वस्तू. गोडाऊनमध्ये चादरींच्या गाठोड्यांची थप्पी असते बघा, त्यात सगळ्यात खालचं गाठोडं वरच्या सगळ्यांचा भार घेतं, एक हललं की बाकीची हलतात, आणि इंजिनला हा सगळा गुंता सेकंदाच्या साठाव्या भागाच्याही आत सोडवायचा असतो कारण तेवढ्याच वेळात चित्रं, आवाज, शत्रूची अक्कल हेही बसवायचं असतं. म्हणून ते तंतोतंत उत्तर काढत नाही, चारदोन फेऱ्या मारून चालण्यासारखं उत्तर काढतं. जुन्या गेम्समध्ये थप्पी उगाच थरथरताना दिसायची ती यामुळे. जी वस्तू बराच वेळ हलली नाही तिला इंजिन झोपवून टाकतं, कुणी धक्का मारला की उठवतं.

आणखी एक जुनं दुखणं म्हणजे आरपार जाणं. बंदुकीची गोळी एका तुकड्यात भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या तुकड्यात पलीकडे, मधल्या क्षणी तपासलंच नाही तर भिंत होती हे कुणाला कळणार. त्यासाठी वेगवान वस्तूंचा मधला रस्ताही तपासावा लागतो. तुकड्यांचा हिशोब फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या चित्रांच्या वेगाला बांधला तर वेगळाच गोंधळ होतो, स्कायरिम या गेममध्ये सेकंदाला ६० च्या वर फ्रेम गेल्या की घरात शिरताच टेबलावरच्या थाळ्या, भाज्या हवेत उडायच्या ते आठवत असेल. स्कायरिम हॅवकवरच आहे, पण हा दोष गेमने इंजिन जसं वापरलं त्याचा.

कापडाचं फिजिक्स तर सोलापूरच्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळेल. बिंदूंची जाळी करायची आणि ते बिंदू उभ्या, आडव्या आणि तिरक्या धाग्यांनी जोडायचे, प्रत्येक धाग्याला ताणायची मर्यादा द्यायची. उभा धागा, आडवा धागा, म्हणजे मागावर जे होतं तेच की. तिरके धागे मात्र मागावर नसतात, ते नसले तर गेममधलं कापड कर्णात ओढल्यावर नको तेवढं वाकडं होतं. हॅवकचं कापडासाठी वेगळं प्रॉडक्ट आहे, तोडफोडीसाठीही काढलं होतं.

मालक बदलत गेले

हॅवक सुरू केली ह्यू रेनॉल्ड्स आणि स्टीव्हन कॉलिन्स यांनी, दोघं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले. २००० साली त्यांनी इपिऑन नावाची जर्मन फिजिक्स कंपनी घेतली. त्या काळात बहुतेक गेम्समध्ये खोकं फुटायचं म्हणजे आधीच बनवून ठेवलेलं ॲनिमेशन चालायचं, दर वेळी तसंच. २००३ ला मॅक्स पेन २ आला आणि मेलेला माणूस जिन्यावरून पोत्यासारखा घसरायला लागला. नवी पेठेतल्या एका कॅफेत आम्ही मिशन सोडून रॅकवरचे डबे गोळ्या घालून पाडत बसायचो आणि वेळ संपली की कॅफेवाला मागून ‘ऊठ बे आता’ म्हणायचा, तेव्हा हे हॅवक आहे हे नाव सुरुवातीच्या लोगोपुरतंच माहीत होतं. २००४ मध्ये हाफ-लाइफ २ ने तर हॅवकवर स्वतःचे बदल करून अख्खी कोडीच वजन आणि तरफेवर रचली, फळीच्या एका टोकाला विटा टाकायच्या म्हणजे दुसरं टोक वर येतं, चढा.

इंटेलने २००७ मध्ये सुमारे ११ कोटी डॉलरला कंपनी घेतली त्यामागे साधं राजकारण होतं. फिजिक्स मुख्य प्रोसेसरवर चालवायचं की ग्राफिक्स कार्डवर, हे भांडण जोरात होतं. एजिया नावाची कंपनी तर फक्त फिजिक्ससाठी वेगळं कार्ड विकत होती आणि फेब्रुवारी २००८ मध्ये ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने तिला उचललं, तिचं फिजएक्स मग एनव्हिडियाच्या कार्डांची जाहिरात झालं. हॅवकही ग्राफिक्स कार्डवर चालणारं हॅवक एफएक्स दाखवत होती, इंटेलच्या हातात गेल्यावर ते गुंडाळलं गेलं, आता प्रोसेसर विकणारा माणूस ग्राफिक्स कार्डाचा धंदा कशाला वाढवेल. मालक बदलल्याची झळ खरोखर कुठे बसली असेल तर ती इथे, मायक्रोसॉफ्टच्या वेळी नाही. लोक मात्र दुसऱ्या वेळी जास्त ओरडले.

२०१५ चा व्यवहार

मायक्रोसॉफ्टने किंमत जाहीर केली नाही. कारणं दिली ती अशी की डायरेक्टएक्स १२ (गेमची चित्रं काढायला लागणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) आणि अझूर क्लाउडच्या (मायक्रोसॉफ्टचे भाड्याने मिळणारे सर्व्हर) जोडीला हॅवक आलं की डेव्हलपरला जास्त मोठी जगं उभी करता येतील, उदाहरण म्हणून क्रॅकडाउन ३ पुढे केला. त्या गेममध्ये इमारती कोसळण्याचा हिशोब घरातल्या डब्यावर न करता लांबच्या सर्व्हरवर करायचा बेत होता. गेम येता येता फेब्रुवारी २०१९ उजाडला, तोडफोड फक्त मल्टिप्लेअरपुरती उरली, आणि लोकांनी जांभई दिली. बेत कागदावर भारी होता, पण सेकंदाला ६० वेळा बदलणारी माहिती इंटरनेटवरून घरोघर पोचवणं म्हणजे काय ते ज्याच्या घरी पावसाळ्यात नेट जातं त्याला विचारा.

दुसरी गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली, की ॲक्टिव्हिजन, ईए, युबिसॉफ्ट, निन्टेंडो, सोनी या सगळ्या गेम कंपन्यांना लायसन्स पूर्वीसारखंच मिळेल. हे एवढ्या घाईने नावं घेऊन का सांगावं लागलं, तर रेंडरवेअरचं उदाहरण सगळ्यांच्या डोक्यात होतं. रेंडरवेअर म्हणजे रॉकस्टार कंपनीचे व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे गेम ज्याच्यावर चालायचे ते इंजिन, बनवणारी कंपनी क्रायटेरियन. २००४ मध्ये ईएने क्रायटेरियन घेतली. कोड तोच होता, पण आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या हातातल्या इंजिनवर पुढचा गेम उभारायला कोण तयार होणार, रॉकस्टारने रेज नावाचं स्वतःचं इंजिन केलं आणि काही वर्षांत रेंडरवेअर बाजारातून गेलंच.

अशा खरेदीत भीती आज चालू असलेल्या कामाची नसते. करार झालेला असतो, कोड हातात असतो. आणि फिजिक्स अर्ध्यात बदलता येत नाही, कारण उडी किती जाते, गाडी वळणावर किती घसरते, दरवाजा कसा बंद होतो हे सगळं त्या इंजिनच्या सवयींवर वर्षभर बसून जुळवलेलं असतं, दुसरं आणलं तर सगळे आकडे परत जुळवायचे. जेकार्डची डिझाइन एका मागाला बसवलेली असताना माग बदलण्यासारखं. भीती असते पुढच्या गेमची. उद्या दर वाढवला तर, नव्या प्लेस्टेशनसाठीचं काम मागे ठेवलं तर, आणि मदत मागताना आपला जाहीर न झालेला गेम हॅवकच्या इंजिनिअरला दाखवावा लागतो तो आता कुणाच्या पगारावर आहे. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात खरा वाटतो, बातम्यांमध्ये तो कमी आला.

पुढे काय झालं

लायसन्स बंद झालं नाही. निन्टेंडोच्या २०१७ च्या झेल्डात, ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये, दगड घरंगळतात, ओंडके वाहतात, लोखंडी पेट्या चुंबकाने उचलता येतात ते सगळं हॅवकवर, म्हणजे निन्टेंडोचं त्या वर्षाचं सगळ्यात गाजलेलं काम मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या सॉफ्टवेअरवर चाललं. यात चांगुलपणाचा प्रश्नच नाही. सगळ्यांना विकलं जातं म्हणूनच हॅवकला किंमत, इतरांना बंद केलं असतं तर हातात नुसता कोड उरला असता. सोनीनेही २०१९ मध्ये ऑडिओकायनेटिक घेतली, जिचं वाइज हे आवाजाचं सॉफ्टवेअर एक्सबॉक्सच्या गेम्समध्येही चालतं, आणि तेही सगळ्यांसाठी चालूच ठेवलं. दोन्ही कारखानदारांकडे एकेक सुताचं दुकान, मग भांडायचं कशाला.

पण ज्यांना जमलं ते हळूहळू बाहेर पडले. बुलेट हे फुकट आणि खुलं, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता-वापरता येतो असं फिजिक्स इंजिन आधीपासून होतंच, ते लिहिणारे एर्विन कौमन्स एके काळी हॅवकमध्येच होते. एनव्हिडियाने डिसेंबर २०१८ मध्ये फिजएक्सचा कोड खुला केला. एपिक कंपनीने आपल्या अनरिअल ५ या गेम बनवायच्या इंजिनमध्ये फिजएक्स काढून स्वतःचं केऑस बसवलं. आणि सोनीच्या गेरिला स्टुडिओने होरायझन फॉरबिडन वेस्टमध्ये हॅवकच्या जागी जोल्ट वापरलं, त्यांच्याच योरिट राउवे यांनी लिहिलेलं, तेही खुलं. हे मालकीच्या भीतीने झालं असं छाती ठोकून म्हणता येत नाही, आताच्या प्रोसेसरला इतकी कोअर (एकाच वेळी वेगवेगळं काम करणारे भाग) असतात आणि जोल्ट त्यांना कामाला लावण्यासाठीच रचलं, हेही कारण पुरेसं आहे.

इथे कॉलेजात गेम शिकणाऱ्या पोरांचा हॅवकच्या लायसन्सशी फारसा संबंध येत नाही. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर उघडलं की थ्रीडीसाठी फिजएक्स आयतं मिळतं, तसल्याच गोडोमध्ये ४.४ आवृत्तीपासून जोल्ट आत आलंय. पण एप्रिल २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने बॅबिलॉन जेएस ६ (ब्राउझरमध्ये थ्रीडी दाखवणारं सॉफ्टवेअर) सोबत हॅवकची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती फुकट दिली, त्यामुळे कॅफेत ज्याचा नुसता लोगो बघितला होता ते आता फोनच्या ब्राउझरमध्ये दहा-पंधरा ओळी लिहून चालवता येतं. मी पहिल्यांदा डब्यांची थप्पीच लावली, आणि पाडली.