प्लास्टिकच्या आत छापलेले सर्किट

मोटारीतील स्पर्शाने चालणारी बटणे बनवताना सहसा प्लास्टिकचे आवरण, त्यामागे सर्किट बोर्ड, तारा आणि स्क्रू अशी जुळणी करावी लागते. इन-मोल्ड इलेक्ट्रॉनिक्स या तंत्रात यातली बरीचशी जुळणी टळते. पॉलिकार्बोनेटच्या पातळ, सपाट फिल्मवर आधी सजावटीचे रंग आणि मग चांदीयुक्त शाईने विद्युतमार्ग छापतात, त्यावर एलईडीसारखे घटक बसवतात, फिल्म तापवून तिला उंचसखल आकार देतात आणि शेवटी ती साच्यात ठेवून तिच्यामागे वितळलेले प्लास्टिक दाबाने भरतात.

यातली छपाई त्या मानाने सोपी; खरी कसोटी आकार देताना लागते. या शाईत चांदीचे सूक्ष्म चपटे कण लवचीक पॉलिमरमध्ये मिसळलेले असतात आणि वीज एका कणावरून त्याला टेकलेल्या दुसऱ्या कणावर जात पुढे सरकते. फिल्म ताणली गेली की मार्ग लांब आणि पातळ होतो, कणांमधील स्पर्श कमी होतात, रोध वाढतो आणि ताण फार झाला तर मार्ग तुटतो. चपटे कण एकमेकांवर पसरलेले असल्यामुळे थोडे सरकले तरी त्यांचा संपर्क टिकतो, म्हणून ते गोल कणांपेक्षा सरस ठरतात. सपाट फिल्मवरचा प्रत्येक बिंदू आकार घेतल्यावर नेमका कोठे जाईल आणि किती ताणला जाईल, हे छपाईपूर्वीच गणिताने काढावे लागते, आणि मला या तंत्राचे सर्वांत मोठे कौशल्य यातच दिसते.

उष्णतेचीही अडचण आहे. पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंश सेल्सियसला मऊ पडू लागते, तर घटक सर्किटला जोडण्यासाठी वितळवून लावला जाणारा धातू, म्हणजे नेहमीचे शिसेविरहित सोल्डर, सुमारे २१७ अंशांना वितळते. त्यामुळे घटक बसवण्यासाठी बहुधा विद्युतवाहक गोंद वापरतात. मागून येणारे प्लास्टिक मात्र ३०० अंशांच्या आसपास तापलेले असते. तरीही फिल्म टिकते, कारण तिची दुसरी बाजू तुलनेने थंड साच्याला चिकटलेली असते आणि उष्णता झपाट्याने निघून जाते. प्लास्टिक ज्या तोंडातून आत शिरते, तेथे मात्र तापमान आणि प्रवाहाचे घर्षण इतके तीव्र असते की शाई वाहून जाऊ शकते. म्हणून विद्युतमार्ग त्या जागेपासून दूर ठेवतात.

अशा भागातील एक एलईडी बंद पडला, तरी तो उघडून बदलता येत नाही आणि चांदी प्लास्टिकपासून वेगळी काढणेही अवघड जाते. त्यामुळे दिवे, स्पर्शबटणे, अँटेना यांसारखी साधी रचनाच आत घालावी आणि गुंतागुंतीच्या चिप बाहेरच्या नेहमीच्या बोर्डावर ठेवून कनेक्टरने जोडाव्यात, हेच मला शहाणपणाचे वाटते.