खिडकी उघडते किती?

नवीन फ्लॅटच्या खिडक्या ठरवायला बसलं की बोलणं फिरत राहतं ते फ्रेमभोवती: अ‍ॅल्युमिनियम घ्यायचं की यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक), काच साधी की काळसर. पूर्ण उघडल्यावर खिडकीत मोकळी जागा किती राहते, हे मात्र सहसा कुणी मोजत नाही. माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी.

दहा बाय बाराची खोली धरा. खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच, म्हणजे २० चौरस फूट. स्लायडिंग बसवली तर एक तावदान दुसऱ्याच्या मागे सरकतं, भिंतीतून बाहेर जात नाही. तीन ट्रॅकची घेतली तरी तिसरा ट्रॅक बहुधा डासांच्या जाळीचाच असतो. वारा येणार १० चौरस फुटांतून, तोही जाळीत अडखळत. बिजागरीची झडप असेल, तर चौकटीची जाडी सोडून जवळजवळ सगळी जागा मोकळी होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’त, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, उष्ण-दमट हवामानासाठी, म्हणजे मुंबई-कोकणासारख्या भागासाठी, उघडणारी जागा चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के सांगितली आहे, साधारण एक षष्ठांश. आपल्या १२० चौरस फुटांच्या खोलीला हे माप लावलं तर २० चौरस फूट होतात. तीच खिडकी झडपेची असती तर हिशेब जवळपास जुळला असता. स्लायडिंगने तो अर्ध्यावर आणला.

दमट हवेत हा फरक अंगाला जाणवतो. घाम सुकताना शरीरातली उष्णता घेऊन जातो. हवा बाष्पाने भरलेली असली की घाम सुकत नाही, आणि अंगालगतची ती ओली हवा हलवायला वारा लागतो. हा वारा अंगावरून जायला हवा. डोक्यावरून गेला तर उपयोग नाही. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेत खिडकीच्या खालच्या कडेची उंची माणूस कुठे बसतो त्यावरून दिली आहे: खुर्चीसाठी ७५ सेंटिमीटर, पलंगावर बसणाऱ्यासाठी ६०, जमिनीवर बसणाऱ्यासाठी ४०. आपण सगळीकडे तीन फुटांचा कट्टा ठेवतो आणि खाली बसून तांदूळ निवडणारी आजी पदराने वारा घेत राहते. जुन्या वाड्यांतल्या, जमिनीलगत सुरू होणाऱ्या गजांच्या खिडक्या मला याच कारणासाठी फार शहाण्या वाटतात. लहान मूल घरात असेल तर खालच्या भागाला गज किंवा ग्रिल हवंच.

झडपेचा आणखी एक गुण आहे. वारा नेहमी समोरून येत नाही, पुष्कळदा भिंतीला घासून जातो. अशा वेळी काटकोनात उघडी ठेवलेली झडप त्याला अडवून आत वळवते. मात्र वारा डावीकडून उजवीकडे जात असेल, तर बिजागऱ्या उजव्या बाजूला हव्यात. आमच्या घरी उदबत्ती लावून पाहिलं. एक झडप मिटून दुसरी उघडली तेव्हा धुराची सरळ रेघ मोडली आणि आतल्या दाराकडे वाकली. ते दार लावून घेतलं, तर धूर पुन्हा सरळ वर. आलेल्या हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर खिडकी कितीही मोठी असून भागत नाही. समोरच्या किंवा शेजारच्या भिंतीत दुसरी खिडकी हवी, निदान दारावर झरोका तरी.

उन्हाचं गणित दिशेवर आहे. पुण्यात २१ मार्चच्या भरदुपारी दक्षिणेच्या भिंतीवर दोन फुटी छज्जा सुमारे सहा फूट सावली पाडतो, म्हणजे अख्खी खिडकी झाकली जाते. डिसेंबरात तोच छज्जा सव्वादोन फुटांवर थांबतो आणि थंडीतलं ऊन आत येऊ देतो. पश्चिमेला मात्र तो हतबल असतो. मे महिन्यात सूर्यास्ताच्या दोन तास आधी सूर्य क्षितिजावर जेमतेम २७ अंश असतो. सावली पडते फूटभर. आतून जाड पडदा लावून फार उपयोग होत नाही, कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा तापतो, पण त्याची उष्णता दीर्घ तरंगलांबीच्या अवरक्त किरणांच्या रूपात निघते आणि ती काच आरपार जाऊ देत नाही. बांबूच्या काड्यांचा पडदा (चीक) काचेच्या बाहेर लावा, ऊन तिथेच अडेल. पश्चिमेची खिडकी मुळात लहान ठेवता आली तर उत्तम.

कोकणात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला वरून बिजागऱ्या असलेली, खालून बाहेर ढकलायची खिडकी घ्यावी. साध्या पावसात ती थोडी उघडी ठेवता येते. स्लायडिंगच्या ट्रॅकला पाणी निघायची छोटी भोकं असतात. ती धुळीने बुजली की ट्रॅक भरून पाणी भिंतीत उतरतं, तेव्हा पावसाळ्याआधी काडी घालून साफ करा. रस्त्याच्या आवाजालाही झडप बरी, कारण मिटताना ती रबरी पट्टीवर घट्ट दाबली जाते.

स्लायडिंग निरुपयोगी नाही. बाहेर ग्रिलचा पिंजरा असेल किंवा बाल्कनीत झडपेला जागाच नसेल, तर तीच घ्यावी लागते. अशा वेळी तीन तावदानं तीन ट्रॅकवर मागा. दोन तृतीयांश जागा मोकळी होते. जाळी वेगळी, काढता येणारी बसवता येते.