'पांगळा' : एका शब्दाची वाटचाल

संस्कृतातल्या 'पंगु'वरून मराठीत पंगू, पांगळा, पांगुळ आले. अर्थ एवढाच, की पायांनी चालता न येणारा. दुबळा, परावलंबी, कशालाच न पुरणारा हे अर्थ मागाहून चिकटले. आज 'पांगळा कायदा', 'पंगू प्रशासन' आपण सर्रास लिहितो. पायांपुरती असलेली अडचण त्यात अख्ख्या माणसावर लादली जाते, हे मला खुपतं.

जुन्या वापरात तसं नव्हतं. सांख्य तत्त्वज्ञानाचा जुना ग्रंथ म्हणजे ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका. तिच्यात प्रकृती (जड सृष्टी) आणि पुरुष (चेतन आत्मा) यांना आंधळ्या-पांगळ्याची उपमा दिली आहे. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यायचं, पांगळ्याने वाट सांगायची. म्हणजे वाट दिसते ती पांगळ्याला! सूर्याचा सारथी अरुण तर 'अनूरु', मांड्याच नसलेला. तरी रोजचा रथ त्याच्याच हाती. पहाटे झाडावर चढून दान मागणारे, 'पांगुळ' नावाचे भिक्षेकरी आपलं नातं या अरुणाशी सांगत, आणि संतांनी त्यांच्यावर रूपकं रचली.

घरातला पांगुळगाडाही याच शब्दाचा. तीन लाकडी चाकं, वर आडवी दांडी. दांडी घट्ट धरून मूल उभं राहतं, गाडा खडखडत पुढे सरकतो, मागून एक पाऊल पडतं. त्या मुलाला कुणी दुबळं म्हणत नाही; आधार लागतो, म्हणून आधार दिलेला असतो.

'अपंग' मात्र वेगळा. तो अ + पंगू असता तर अर्थ उलटाच झाला असता. त्याची फोड अप + अंग अशी करतात, म्हणजे अंगाने उणा. त्यात पायांबरोबर हात, डोळे, कान सगळंच मावलं, आणि सरकारी कागदांवर तो रुळला. १९९५च्या कायद्याचं मराठी नावही 'अपंग व्यक्ती' असंच. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' सुचवला. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि महाराष्ट्रात २०२२मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला.

नव्या शब्दावर अनेक अपंग कार्यकर्त्यांनीच हरकत घेतली. आमच्या अंगात दिव्य काही नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना हवा होता तो उतार, लिफ्ट, चढता येईल अशी बसची पायरी.