मुतों काडे आणि ल प्ती मुतों, या दोन एक नाहीत

मुतों काडे म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो प्रदेशातल्या शातो मुतों रॉथशिल्डची (शातो म्हणजे स्वतःचा मळा असलेली वाइनरी) सेकंड वाइन असं खूप जणांना वाटतं, पण तसं नाहीये. सेकंड वाइन आहे ती ल प्ती मुतों. फ्रान्समध्ये काडे 10-15 युरोला मिळते आणि प्ती मुतोंला 200 च्या आसपास किंवा वरच मोजावे लागतात, एवढा फरक आहे.

सेकंड वाइन म्हणजे द्राक्षं शातोच्या स्वतःच्याच मळ्यातली, फक्त वेली जरा तरुण किंवा मुख्य वाइनच्या ब्लेंडमध्ये जे बसलं नाही ते. प्ती मुतों अशीच, पोयाकमधल्या (बोर्दोतलाच एक छोटा भाग) मुतोंच्या मळ्यातली, कॅबरने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त, 1993 च्या हंगामापासून काढतात. काडे हा ब्रँड आहे, बोर्दोभरच्या शेतकऱ्यांचा माल घेऊन बनवलेला, रेडमध्ये मर्लो जातीची द्राक्षं जास्त म्हणून मऊ लागते आणि ठेवत बसावी लागत नाही.

गोंधळाचं मूळ जुनं आहे. 1930 चं पीक एकदम खराब आलं आणि बॅरन फिलिप द रॉथशिल्डना ती वाइन मुतोंच्या नावाने विकायची नव्हती (हेच ते गृहस्थ ज्यांनी 1924 पासून बाटल्या शातोतच भरायचा आग्रह धरला, आधी पिंपंच्या पिंपं व्यापाऱ्यांकडे जायची) मग त्यांनी ती मुतों काडे म्हणून काढली. म्हणजे सुरुवातीला ती खरंच मुतोंचीच होती! लोकांना आवडली, मागणी वाढली, मळा पुरेना, मग बाहेरचा माल घ्यायला लागले आणि नाव तेच राहिलं.

त्यामुळे लेबलवरचं रॉथशिल्ड बघून भुलू नका, खाली आपेलासियों, म्हणजे द्राक्षं कुठल्या भागातली ते, काय लिहिलंय ते वाचा. नुसतं बोर्दो असेल तर द्राक्षं त्या अख्ख्या प्रदेशात कुठलीही असू शकतात. पोयाक असेल तर पट्टा छोटा, पण तरी मळा त्याच शातोचा असेलच असं नाही, कारण शातो लफीतवाले रॉथशिल्ड (ही घराण्याची वेगळी शाखा) लेजांद नावाने जी स्वस्त रेंज काढतात त्यात पोयाकही आहे आणि त्यांची खरी सेकंड वाइन आहे कारुआद द लफीत. म्हणून 'मिज आँ बुतेय ओ शातो', म्हणजे शातोतच भरलेली, हे पण शोधा.

काडे वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही, रोजच्या जेवणासोबत छान जाते, पण मुतोंची चव कशी असते ते कळेल म्हणून घेणार असाल तर नका घेऊ. प्ती मुतों परवडत नसेल तर माझं मत शातो दार्मायाकला. फिलिपनी 1933 मध्ये घेतलेला हा मळा मुतोंला लागूनच आहे, बोर्दोच्या शातोंची प्रतवारी लावणाऱ्या 1855 च्या यादीत पाचव्या श्रेणीत आहे आणि त्याची बाटली साधारण 40-50 युरोत मिळते. फक्त नवीन बाटली लगेच उघडू नका, काही वर्षं ठेवा, आणि उघडायचीच असेल तर तासभर आधी डिकॅंट करा, म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून हवा लागू द्या.