कुंपणापलीकडचा फोकस: कोकणातल्या गावांत व्यवसायांच्या दिव्यांचा प्रश्न कसा उभा राहिला

कोकण किनारपट्टीवरच्या गावांत शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या कुरबुरी पूर्वी बांध, पायवाट आणि विहिरीचे पाणी यांवरून होत. आता त्यांत उजेडाची भर पडली आहे. हॉटेल, होम स्टे, पेट्रोल पंप, बर्फाचा कारखाना, मंगल कार्यालय किंवा क्रिकेटचे टर्फ यांच्या आवारातला फोकस रात्रभर चालू राहतो आणि त्याचा झोत गडग्यावरून पलीकडच्या पडवीत व झोपायच्या खोलीत पडतो. तक्रार घेऊन माणूस ग्रामपंचायतीत गेला, तर ती कोणत्या सदराखाली नोंदवायची हे तिथल्या कोणालाच नीट सांगता येत नाही. आवाजाची तक्रार असती तर पोलिसांकडे पाठवता आली असती, सांडपाण्याची असती तर पाहणी करता आली असती. उजेडाचे काय करायचे, हे कागदावर कुठेच नाही.

याचे पहिले कारण असे की गावाच्या लेखी उजेड हा नेहमीच कमी पडणारा जिन्नस होता. १९५८च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने दिवाबत्तीची सोय पंचायतीच्या कामांत घातली आणि त्यासाठी कर बसवण्याची मुभा दिली. घरपट्टीच्या पावतीवर आजही ‘दिवाबत्ती कर’ असा वेगळा रकाना असतो. उजेड पुरवण्याची तरतूद कायद्याने केली. तो जास्त होऊ शकतो ही कल्पना त्या काळी कोणी केली नाही आणि करण्याचे कारणही नव्हते.

१९६०मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात कोयनेची वीज चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला तयार होऊ लागली. मात्र डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांपर्यंत ती पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. १९९७पर्यंत सरकारी व्याख्याच अशी होती, की महसुली गावाच्या हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव ‘विद्युतीकरण झालेले’ धरावे. पाच-सात वाड्यांचे गाव असले आणि खांब एकाच वाडीत असला, तरी कागदोपत्री सगळे गाव उजळलेले असे. २००४मध्ये ही व्याख्या बदलून किमान १० टक्के घरांत वीज असण्याची अट आली. तोपर्यंत आणि त्यानंतरही अनेक ठिकाणी रात्रीचा व्यवहार कंदील, गॅसबत्ती आणि सुक्या झावळांच्या चुडीवरच चालला.

अंधाराची भीतीही खरी होती, हे विसरून चालणार नाही. कातळावरचे फुरसे आणि लाल विंचू हे इथले रोजचे धोके. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरच्या उपचाराचे काम उभे केले, त्याआधी या दंशाने माणसे दगावणे ही कोकणात नवलाची गोष्ट नव्हती. बिबट्याचा वावर वाढलेल्या गावांत आजही गोठ्याबाहेर दिवा लावला जातो. त्यामुळे फोकस लावणारा हॉटेलमालक ‘पाहुण्यांच्या पायाखाली काही आले तर जबाबदार कोण’ असे विचारतो, तेव्हा त्याला सरळ उडवून लावता येत नाही. मात्र विंचू जमिनीवर असतो. फोकस पत्र्याच्या वळचणीला आडवा बांधलेला असेल, तर त्याचा बराचसा उजेड समोरच्या भिंतीवर आणि माडाच्या शेंड्यावर जातो आणि पायरीशी सावली तशीच राहते. शिवाय डोळे दिपल्यामुळे ती सावली आणखी गडद भासते.

पुढचा टप्पा विजेच्या बिलाचा आहे, आणि या सगळ्या इतिहासात तोच निर्णायक आहे असे मला वाटते. हॅलोजनच्या काळात ५०० वॉटचा एक दिवा रोज बारा तास जाळला तर महिन्याला १८० युनिट होत. एवढे बिल कोणत्याही खानावळवाल्याला परवडणारे नव्हते; शेवटचे गिऱ्हाईक उठले की दिवा बंद होई. २०००नंतरच्या दशकात भारनियमनाने त्यात भर घातली. ज्या जिल्ह्यात गुहागरजवळ दाभोळचा वीजप्रकल्प उभा होता, त्याच जिल्ह्यातली गावे संध्याकाळी अंधारात बसत. उजेड आवरण्याचा नियम नव्हता, पण नियमाचे काम बिल आणि भारनियमन करत होते.

एलईडीने यांतला बिलाचा लगाम सोडवला. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ५ जानेवारी २०१५ला केंद्र सरकारने घरगुती बल्बांची ‘उजाला’ योजना आणि रस्त्यांवरचे दिवे बदलण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम एकाच दिवशी सुरू केला. सरकारी घाऊक खरेदीत बल्बची किंमत तीन-चार वर्षांत सुमारे ३१० रुपयांवरून ४० रुपयांच्या खाली आली. ५० वॉटचा एलईडी फोकस साडेचार-पाच हजार ल्युमेन उजेड देतो, म्हणजे जुन्या ६० वॉटच्या सहा-सात बल्बांइतका, आणि रोज बारा तास चालवला तरी महिन्याला १८ युनिटच घेतो. एवढ्यासाठी रात्री उठून बटण बंद करायला कोण जातो? एकाच्या जागी तीन फोकस लागले, दरवाज्यावर रंग बदलणारी पट्टी आली, माडांच्या खोडांना माळा गुंडाळल्या गेल्या आणि गणपती-दिवाळीची रोषणाई बारमाही झाली. सणाच्या रोषणाईबद्दल कोणी तक्रार करत नाही, कारण ती पाच-दहा दिवसांत उतरते.

रंगाचाही भाग आहे. पांढऱ्या एलईडीचा उजेड मुळात निळ्या चिपवर पिवळसर लेप देऊन तयार होतो, त्यामुळे दुकानात सर्वत्र मिळणाऱ्या ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या फोकसमध्ये निळ्या छटेचा वाटा मोठा असतो. डोळ्यांतल्या ज्या पेशी शरीराला दिवस-रात्र कळवतात, त्या नेमक्या याच छटेला सर्वाधिक दाद देतात आणि झोपेची वेळ सांगणाऱ्या मेलाटोनिनचे स्रवणे त्यामुळे लांबते. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा त्याच किमतीत मिळतो, पण गावात ‘पिवळा म्हणजे जुना, पांढरा म्हणजे भारी’ हा समज पक्का आहे.

याच काळात गावांची आर्थिक घडीही बदलत होती. १९९७मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि पर्यटन महामंडळाच्या ‘निवास व न्याहारी’ योजनेने राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देणे रीतसर झाले. इथे किनाऱ्यावरच्या गावांची ठेवण लक्षात घ्यावी लागते. दिवेआगर, मुरूड, आंजर्ले, गुहागर अशा गावांत एकच लांब रस्ता असतो. त्याला लागून घर, घरामागे नारळ-पोफळीचे अरुंद, लांबट आगर आणि आगराच्या टोकाला पुळण. व्यवसाय वेगळ्या भागात आणि वस्ती वेगळ्या भागात, ही शहरी विभागणी इथे लागूच पडत नाही, कारण घर हाच व्यवसाय झाला आहे आणि दोन घरांमध्ये एक कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे. आजवर उजेड अडवायचे काम त्या आगरातली झाडे करत होती. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली तालुक्यांतल्या हजारो सुपाऱ्या आणि माड आडवे झाले. सुपारीला पुन्हा उत्पन्न द्यायला पाच-सहा वर्षे लागतात, माडाला त्याहून अधिक. मधल्या काळात आगर उघडे पडले आणि चार प्लॉट सोडून असलेल्या फोकसचा झोतही घरापर्यंत येऊ लागला. उत्पन्न बुडालेल्यांपैकी काहींनी त्याच मोकळ्या जागेत खोल्या बांधल्या, हेही ओघानेच आले.

आता कायद्याकडे. प्रकाश हा कायद्याला अपरिचित विषय आहे असे म्हटले जाते, ते किनाऱ्यावर तरी खरे नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८१ने नाविकाची दिशाभूल होईल असा खोटा दिवा दाखवणे हा सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला, आणि आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २८३मध्ये कायम आहे. नोव्हेंबर २०१७मध्ये केंद्राने देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यास बंदी घातली, आणि २०२१मध्ये राज्याच्या मासेमारी नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन जबर दंडाची तरतूद झाली. प्रखर दिव्यांभोवती मासळी गोळा करून ती एका झटक्यात उपसली, तर किनाऱ्यालगतच्या लहान होडीवाल्याला काही उरत नाही, हे पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे त्यामागे होते. तिसरा संबंध कासवांचा. ऑलिव्ह रिडले कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि सागरी किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२च्या सुमारास वेळासला संवर्धन सुरू केले तेव्हापासून तिथल्या ग्रामस्थांना ठाऊक आहे, की पिल्ले अधिक उजळ क्षितिजाकडे, म्हणजे अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडे, जातात आणि मागे दिवे असले तर उलट वळतात. पिल्ले हॅचरीतून, म्हणजे अंडी राखून उबवण्याच्या जागेतून, देखरेखीखाली सोडली की हा धोका आवाक्यात येतो, मात्र रात्री अंडी घालायला येणारी मादी उजळलेला किनारा टाळते. तिच्यासाठी दिवाच कमी करावा लागतो.

अशा रीतीने नाविक, मासळी आणि कासव या तिन्ही निमित्तांनी कायद्याने उजेडाचा विचार केला, पण तो समुद्राच्या बाजूने. घराच्या बाजूने पाहिले तर १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ. उजेड त्यात बसत नाही. आवाजाची गतही आधी अशीच होती. १९८१च्या वायुप्रदूषण कायद्यात १९८७ साली दुरुस्ती करून ध्वनीला प्रदूषकांत घेतले गेले, आणि २०००मध्ये स्वतंत्र नियम होऊन निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आणि रात्री दहाची वेळ ठरली. उजेडाच्या बाबतीत अजून पहिलेच पाऊल पडलेले नाही. उरतो तो सार्वजनिक उपद्रवाचा मार्ग. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ यांनुसार कार्यकारी दंडाधिकारी एखाद्या धंद्यातून होणारा उपद्रव थांबवण्याचा आदेश देऊ शकतात. अडचण अशी, की त्यासाठी त्रास समुदायाला व्हावा लागतो. एका घराच्या एका खिडकीचे दुखणे तिथे कमजोर पडते, आणि दिवाणी दावा लावायचा तर त्यात गावातले बोलणे-चालणेच संपते. त्यामुळे बहुतेक तक्रारी २००७च्या मोहिमेतून आलेल्या तंटामुक्त समितीपुढे किंवा थेट गडग्यावरून तोंडी मिटतात, वा मिटत नाहीत.

बाहेरच्या देशांनी हा भाग बराच आधी हाताळला. ब्रिटनने २००५च्या कायद्याने घर वा आवारातून येणाऱ्या त्रासदायक कृत्रिम प्रकाशाला कायदेशीर उपद्रवाचा दर्जा दिला. फ्रान्समध्ये जुलै २०१३पासून व्यावसायिक इमारतींतले आतले दिवे काम संपल्यावर तासाभरात आणि दर्शनी भागावरची रोषणाई रात्री एकपर्यंत बंद करणे बंधनकारक झाले. आपल्याला अधिक उपयोगी आहेत ते आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाचे आकडे. ग्रामीण वस्तीत घराच्या खिडकीवर उभ्या प्रतलात पडणारा परका उजेड रात्री दिवे कमी करण्याच्या ठरलेल्या वेळेआधी ५ लक्स (लक्स म्हणजे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचे माप) आणि त्यानंतर १ लक्सपेक्षा जास्त नसावा, अशी त्यांची शिफारस आहे. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपास असते, म्हणजे ही मर्यादा काही जाचक नाही. भाताचा मुद्दा मात्र आपल्याकडे अजून चर्चेत आलेला दिसत नाही. भात दिवस लहान होऊ लागल्यावर फुलोऱ्यावर येणारे पीक आहे. जुन्या गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या, जातींत हा गुण अधिक पक्का असतो आणि रात्रभर दिव्याखाली राहिलेला पट्टा उशिरा निसवतो. जपानमध्ये याच कारणाने भाताला बाधणार नाहीत असे रस्त्याचे दिवे बनवण्याचे संशोधन झाले. खाचराच्या कडेला पेट्रोल पंप आलेल्या गावांत कृषी विभागाने हे पाहायला हरकत नाही.

महाराष्ट्रातही अंधार राखण्याचे एक उदाहरण आहे: जानेवारी २०२४मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी लगतच्या गावांतले दिवे खाली वळवून झाकण्यात आले. तिथे वनखाते पाठीशी होते. कोकणातल्या गावात ती भूमिका ग्रामपंचायतीलाच घ्यावी लागेल. व्यवसायाला ना हरकत दाखला देताना फोकसला वरून टोपी हवी, झोत स्वतःच्या हद्दीत खाली वळलेला हवा, दिवा पिवळसर हवा आणि रात्री दहानंतर तो माणसाची चाहूल लागल्यावरच पेटणारा हवा, एवढ्या चार अटी ग्रामसभेच्या ठरावाने लिहिता येतील. त्यांतल्या पहिल्या दोन पूर्ण करायला पत्र्याचा तुकडा आणि पाना एवढेच साहित्य लागते. ज्यांनी दाखला आधीच घेतला आहे, त्यांच्यावर मात्र अशी अट मागाहून लादता येत नाही, आणि वाद तिथेच जास्त आहेत. पोलिसांकडे आवाज मोजायचे यंत्र असते. लक्समीटर त्याहून स्वस्त असूनही तो कोणत्या कार्यालयाने घ्यावा आणि रात्री दहानंतर कोणी खिडकीशी धरून वाचावा, हे आजच्या घडीला कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.