झडती बेकायदा, तरी मुद्देमाल ग्राह्य

पोलिसांनी झडती नियम डावलून घेतली हे कोर्टात दाखवणं तसं फार अवघड नसतं. पंचनाम्यावर सुरुवातीची वेळ रात्री 10.10, आणि त्याच वेळी तपास अधिकारी ठाण्यात हजर असल्याची स्टेशन डायरीत नोंद. किंवा दोन्ही पंच याआधीच्या खटल्यांतलेही पंचच. उलटतपासात हे सगळं बाहेर येतं. घोडं अडतं ते पुढे: मग सापडलेल्या मालाचं काय?

1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींच्या पीठाने एवढंच सांगितलं होतं की अमेरिकेसारखं झडतीविरोधी संरक्षण आपल्या घटनेत नाही. 1962 मध्ये संशयितांच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन दार ठोठावण्याचा पोलिसी नियम रद्द झाला, पण खासगीपणाचा हक्क मान्य न करताच.

खरी गाठ बसली डिसेंबर 1973 मध्ये. प्रकरण पोलिसांचं नव्हतंच. प्राप्तिकराच्या छाप्याचं होतं. पाच न्यायमूर्तींनी 1872 च्या पुरावा कायद्याकडे बोट दाखवलं: पुरावा संबद्ध आहे ना, मग घटनेत किंवा कायद्यात स्पष्ट वा अभिप्रेत मनाई असल्याशिवाय तो केवळ बेकायदा झडतीत सापडला म्हणून वगळायचा नाही. करचुकव्याच्या कपाटातल्या वह्यांसाठी हे एक वेळ समजू शकतं. पण तोच दाखला पुढे फौजदारी खटल्यांत सर्रास दिला जाऊ लागला. झडतीची कारणं आधी लेखी नोंदवा, परिसरातले प्रतिष्ठित पंच घ्या, घरात राहणाऱ्याला हजर राहू द्या, यादीची प्रत द्या, या अटी कागदावर राहिल्या. त्या मोडल्या तर पुराव्याचं वजन घटतं, पण पुरावा उरतो. ‘बेकायदा’ या शब्दाचा दात तिथेच पडला, असं माझं मत.

अपवाद अमली पदार्थांच्या कायद्यातला. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला नाही, तर तो माल त्याच्या ताब्यात होता हे त्या झडतीवरून सिद्ध करता येत नाही, असं 1999 च्या घटनापीठाने ठरवलं. 2005 मध्ये त्यालाही कात्री लागली: हातातली पिशवी म्हणजे अंग नव्हे. तेव्हा खिशात सापडलं तर हक्क, पिशवीत सापडलं तर नाही.

2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि 1954 चा निकाल त्यापुरता मोडीत काढला. 1973 चा नाही.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू आहे. झडतीचं दृकश्राव्य चित्रीकरण करायचं, कारणांच्या नोंदी 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायच्या. चित्रीकरण केलंच नाही तर जप्त मालाचं काय होईल, यावर त्या कलमात एक ओळही नाही. बचावाचे वकील आता पंचांऐवजी मोबाईलवरच्या फाइलची वेळ तपासतात.