पोर्ट्रेटवर चारचौघांचं मत : एका जुन्या सवयीची पार्श्वभूमी

स्टुडिओत काढलेलं पोर्ट्रेट आपल्याच क्षेत्रातल्या लोकांपुढे ठेवायचं आणि ‘यात काय खटकतंय ते सांगा’ म्हणायचं, ही पद्धत आज फोटोग्राफरांच्या प्रत्येक गटात दिसते. तिची मुळं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जातात आणि ती कलेच्या चर्चेपेक्षा रसायनांच्या अडचणींतून जास्त रुजली.

१८३९ मध्ये फ्रान्सच्या दागेरची छायाचित्रणाची पद्धत जगजाहीर झाली, पण त्यात चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर एकच छबी मिळायची. तिची प्रत निघत नसे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली आणि काचेच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. ही काच मात्र फार लाडावलेली. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रव ओतायचं, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. तोवर समोरचा माणूस मानेमागे लोखंडी आधार लावून कित्येक सेकंद निश्चल बसलेला. शेवटी काचेवर डाग पडला किंवा चेहरा करडा निघाला, तर दोष द्रावणाचा, उजेडाचा की हाताचा, हे एकट्या माणसाला उमगणं कठीण होतं. त्यासाठी दुसऱ्याची काच शेजारी ठेवून बघावी लागे.

म्हणून संस्था निघाल्या. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची. आपल्याकडे मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, म्हणजे लंडननंतर दोन वर्षांच्या आतच, आणि कलकत्ता व मद्रासच्या आधी. ही गोष्ट मराठी वाचकांत फारशी बोलली जात नाही याचं मला वाईट वाटतं. सभासद एकत्र जमायचे, आपापली छायाचित्रं मांडायचे, पद्धतींवर बोलायचे. १८५५ पासून सोसायटीचं नियतकालिकही निघू लागलं. सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी होते. व्यवसायाने वैद्य असलेल्या नारायण दाजींनी छायाचित्रणात नाव मिळवलं. त्याच १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला. व्यवसाय म्हणून स्टुडिओ चालवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून मुंबईत काढलेला मासिक अल्बमही याच वातावरणातला. त्यात छापील चित्रं नव्हती, प्रत्यक्ष प्रिंट चिकटवलेल्या असत. दुसऱ्याच्या प्रिंटमधल्या सावल्या किती खोल आहेत, पांढऱ्या पागोट्यात तपशील उरलाय की नाही, हे घरबसल्या डोळ्यांसमोर धरून पाहता येई. शब्दांत कितीही वर्णन केलं तरी ते यातून कळतं तितकं कळत नाही.

पॅरिसमध्ये वाद वेगळ्याच मुद्द्यावर पेटला. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी रिटच केलेल्या निगेटिव्हचं काम मांडलं. निगेटिव्हवर हात फिरवून सुरकुत्या, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवता येतात, हे लोकांनी पाहिलं. त्याच वर्षी फ्रान्सच्या छायाचित्रण संस्थेत यूजेन द्यूरिय आणि पॉल पेरिए यांच्यात रिटचिंगवरून जाहीर चर्चा झडली. द्यूरिय यांचा त्याला विरोध होता, तर पेरिए कलावंताच्या हाताला मोकळीक द्यायच्या बाजूचे. आज त्वचा किती गुळगुळीत करावी यावरून फोटोग्राफर भांडतात ते नवं नाही, फक्त पेन्सिलच्या जागी सॉफ्टवेअर आलं.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत शिकवून जातात त्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, १८६३ च्या डिसेंबरात, लेक आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. आइल ऑफ वाइटवरच्या घरी त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्याचा स्टुडिओ केला आणि कोळशाच्या कोठीची डार्करूम. पुढच्याच वर्षी त्या लंडनच्या सोसायटीच्या सभासद झाल्या. त्यांची पोर्ट्रेट अगदी जवळून घेतलेली, एका बाजूच्या उजेडातली, फोकस मऊ ठेवून कडा विरघळलेली. समव्यवसायींना ती पचेनात. १८६५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकाने लिहिलं, त्याचा आशय असा : बाईंच्या धाडसी वेगळेपणाचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, पण त्यासाठी छायाचित्रणाच्या बाकी सगळ्या गुणांचा बळी गेला आहे. बर्लिनमध्ये मात्र त्यांना त्याच वर्षी कांस्यपदक आणि १८६६ मध्ये सुवर्णपदक मिळालं.

एवढ्यावरून ‘टीकेकडे दुर्लक्ष करा’ असा निष्कर्ष कुणी काढला तर तो चुकेल, कारण कॅमेरॉन बाईंनी मतं मागणं कधी थांबवलं नाही. चित्रकार जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स यांना त्या नियमाने प्रिंट पाठवत. वॉट्स यांनी त्यांना कळवलं की, माउंट केलेल्या महागड्या प्रती मला नकोत, बिघडलेल्या, न चिकटवलेल्या पाठवा. त्यांवरूनही मला तितकंच चांगलं सांगता येईल आणि तुमचा खर्चही वाचेल. अभिप्राय मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने हे नातं कसं ठेवावं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुढे त्यांच्या निगेटिव्हवरच्या थराला बारीक भेगा पडू लागल्या. १८६९ मध्ये त्या हा प्रश्न घेऊन सोसायटीपुढेच गेल्या, आणि फिक्स केल्यावर, म्हणजे रसायनाने छबी पक्की केल्यावर, काच पुरेशी धुतली जात नसावी, असं सभासदांनी सुचवलं. बाईंचा रोख रसायनांवर आणि समुद्रकाठच्या दमट हवेवर होता. म्हणजे ज्या सभासदांचा फोकसविषयीचा शेरा त्यांनी मनावर घेतला नाही, त्यांच्याकडेच त्या काच घेऊन गेल्या. हातांचं काम कुठे चुकतंय ते दुसऱ्याला विचारावं आणि चेहऱ्यात काय पाहायचं ते आपण ठरवावं, ही विभागणी त्यांनी न बोलता केली.

विसाव्या शतकात सलोनचं, म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या छायाचित्रांच्या प्रदर्शनांचं, प्रस्थ वाढलं. परीक्षक रांगेत बसतात, प्रिंट समोरून सरकते, गुण पडतात, ‘स्वीकृत’ किंवा ‘अस्वीकृत’ असा निकाल लागतो. आपल्याकडे १९५३ मध्ये फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी स्थापन झाल्यावर देशभरातले कॅमेरा क्लब आणि त्यांची सलोनं एका छत्राखाली आली. यातून चुरस आली, दर्जाची जाण पसरली, हे निर्विवाद. पण तीनपैकी एका परीक्षकाने गुण कमी का दिले, हे पोर्ट्रेट पाठवणाऱ्याला आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे क्लबांनी वेगळ्या ठेवलेल्या चर्चेच्या बैठकाच मला जास्त मोलाच्या वाटतात. न्यूयॉर्कमध्ये क्लॅरेन्स व्हाइट यांनी १९१४ मध्ये काढलेल्या शाळेतही विद्यार्थ्यांच्या प्रिंटवर सगळ्यांनी मिळून बोलणं हा शिक्षणाचाच भाग होता. डोरोथिया लँग व्हाइट यांच्या हाताखाली शिकल्या आणि १९१९ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत पोर्ट्रेट स्टुडिओ उघडला. दुष्काळ आणि मंदीतल्या माणसांचे त्यांचे फोटो त्यानंतरचे.

अशा बैठकीत कामाचं बोलणं कसं असतं ते एका पोर्ट्रेटवरून सांगते. पन्नाशीची बाई, गडद पडदा, डावीकडे एक सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणारा दिवा. ‘छान आहे’ म्हणून कुणी पुढे गेलं तर हाती काही लागत नाही. जाणती नजर आधी बुबुळात बघते. दिव्याची चमक घड्याळातल्या नऊच्या जागी दिसतेय, म्हणजे दिवा डोळ्यांच्या पातळीवर होता. तो वर घेऊन खाली झुकवला तर चमक दहावर येईल, नाकाची सावली ओठाच्या कोपऱ्याकडे उतरेल आणि गालाचं हाड उठून दिसेल. मग केस पाहायचे. काळे केस काळ्या पडद्यात बुडालेत, तिथे मागून हलका दिवा हवा, नाहीतर पडदा तरी राखाडी. हनुवटीखालचा काळोख उजवीकडून पांढरा थर्मोकोल धरला तरी उजळेल. आणि हात : बोटं ताठ आहेत, कारण त्यांना धरायला काही दिलेलं नाही. यातला प्रत्येक शेरा पुढच्या बैठकीआधी, त्याच बाईंना पुन्हा बसवून, खरा की खोटा ते तपासता येतो.